निकोटीनचा च्युइंगम (२ मिग्रॅ), चौदा महिन्यांचा अनुभव, तंबाखू मळणाऱ्यांसाठी

आधी रेटिंग सांगून टाकतो, ५ पैकी ४. काम करतो. पण चघळायची पद्धत चुकली तर पैसे वाया आणि वर उचक्या, आणि पद्धत कोणी सांगत नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. ज्याला फक्त घेऊ का नको एवढंच विचारायचंय त्याने घ्यावा, पण चघळायचा भाग वाचून मग तोंडात टाकावा.

मी टेम्पो चालवतो. नारायणगावात टोमॅटो भरायचा आणि रात्रीतून वाशी मार्केटला टाकायचा, आळेफाटा, ओतूर, माळशेज, मुरबाड, कल्याण असा रस्ता. २१ वर्षं तंबाखू मळली, दिवसाला दोन पुड्या, रात्रीची खेप असली की तीन. बिडी सिगारेट कधीच नाही. त्यामुळं माझी समजूत अशी की आपल्याला कॅन्सर झालाच तर तोंडाचा होईल, आरशात बघत राहू, पांढरा चट्टा दिसला की सोडून देऊ. पुडीवरचा फोटो पण तोंडाचाच असतो ना. आत पोटाच्या मागं स्वादुपिंड म्हणून काहीतरी अवयव आहे आणि गालात धरलेल्या तंबाखूचा त्याच्याशी संबंध आहे हे डोक्यातच नव्हतं.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. मळायला मी त्याच्याकडूनच शिकलो, रात्री शेतात पाणी धरायला जायचो तेव्हा. ५१ व्या वर्षी त्याला शुगर निघाली. घरात कोणाला नाही, त्याला पोट नाही, उलट वजन उतरत चाललेलं, तर सगळे म्हणाले शुगरमुळं उतरतंय. मग पाठ दुखायला लागली. रात्री उताणा झोपता येईना, उशी पोटाशी धरून पुढं वाकून बसला की जरा बरं वाटायचं. दोन महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या. मग डोळे पिवळे झाले आणि कावीळ म्हटल्यावर आपल्याकडं काय करतात ते माहितीये तुम्हाला, उतरवायला नेला. तीन आठवडे गावठी औषध, उसाचा रस, बिनतेलाचं जेवण. अंगाला एवढी खाज की रात्री कंगव्याने पाठ खाजवायचा, लघवी कोऱ्या चहासारखी, संडास पांढरट मातीसारखी, पण पोटात कळ नाही म्हणून आम्ही निवांत. ही तीन आठवड्यांची गोष्ट मला अजून झोपू देत नाही. असं कोणाच्या घरात दिसलं तर एक दिवस पण थांबू नका, सोनोग्राफी करून घ्या. पित्ताची नळी स्वादुपिंडाच्या डोक्यातून आतड्यात उतरते, तिथं गाठ वाढली की नळी दाबली जाते आणि पित्त रक्तात चढतं, त्याला काविळीचं गावठी औषध काय करणार.

सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडात गाठ दिसली आणि लिव्हरवर डाग दिसले, म्हणजे कॅन्सर पसरलेला, ऑपरेशनची वेळ गेलेली. दुर्बिणीतून नळी टाकली, कावीळ उतरली, केमो झाल्या चार. सात महिन्यांत दादा गेला.

स्वादुपिंड हा शब्द आमच्या घरात त्याआधी फक्त पर्रीकर साहेब आजारी होते तेव्हा टीव्हीवर ऐकलेला, १७ मार्च २०१९ ला ते गेले त्याच आजाराने. त्यांना कशाने झाला त्याबद्दल मला काही म्हणायचं नाहीये, एवढंच की मुख्यमंत्री असलेला माणूस, सगळे उपचार हाताशी असताना वर्षभरात जातो, हे बघून सुद्धा मी त्या संध्याकाळी तंबाखूचा बार भरलाच होता.

दादाच्या डॉक्टर मॅडमना मी विचारलं की मला पण होणार का. सख्ख्या भावाला झाला म्हणजे आपला धोका इतरांपेक्षा जास्त धरतात, साधारण दुप्पट, आणि घरात दोघा-तिघांना झाला असेल तर जीन्सची तपासणी करून घ्यायला सांगतात. मी म्हटलं मग दरवर्षी स्कॅन करत जाऊ का, तर त्या म्हणाल्या ज्यांना काही त्रास नाही अशा सगळ्या लोकांसाठी याची तपासणी नाहीये, स्तनाच्या किंवा गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरला असते तशी, कारण लहान असताना हा सापडतच नाही. अमेरिकेत सुद्धा पाच वर्षं जगणारे १०० तले १३ च्या आसपास. वय, घराण्यातून आलेलं, हे काही आपल्या हातात नाही. हातात काय आहे तर तंबाखू, वजन, शुगर, दारू. आणि यातलं सगळ्यात मोठं पहिलं. सिगारेट ओढणाऱ्याला हा कॅन्सर व्हायचा धोका न ओढणाऱ्याच्या साधारण दुप्पट असतो. मी लगेच म्हटलं मॅडम मी ओढत नाही मळतो, तर त्यांनी सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी जी संस्था आहे, आयएआरसी, त्यांनी बिनधुराच्या तंबाखूने होणाऱ्या कॅन्सरमध्ये तोंड आणि अन्ननलिकेबरोबर स्वादुपिंडाचं नाव स्पष्ट लिहिलंय. आपण थुंकतो तरी थोडा रस गिळला जातोच आणि बाकीचा गालातून रक्तात जातो. तुमच्या दादाला नक्की कशाने झाला ते मी सांगू शकत नाही, पण तुमच्या खिशात जे आहे ते आधी काढा, असं म्हणाल्या.

आपल्या महाराष्ट्रात २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत २४.४ टक्के मोठी माणसं बिनधुराची तंबाखू घेणारी निघाली, ओढणारे फक्त ३.८ टक्के. म्हणजे इथं जो काही प्रश्न आहे तो मळणाऱ्यांचाच आहे आणि च्युइंगमच्या पाकिटावर सगळीकडं सिगारेट. म्हणून मळणाऱ्याच्या बाजूने लिहावं वाटलं.

आता च्युइंगम. पहिल्यांदा घेतला तो दादाच्या तेराव्यानंतर दोन दिवसांनी. मेडिकलवाल्याने (नाव लिहीत नाही) एक पत्ता कापून हातात दिला, कागद नाही, सूचना नाही. मी तो आपला साध्या च्युइंगमसारखा कराकरा चावला. पाच मिनिटांत घशाला मिरची लागल्यासारखं, मग उचक्या, मग छातीत जळजळ, आणि तलफ जशीच्या तशी. तीन खाल्ले आणि बाकीचा पत्ता खिडकीतून फेकला, त्याच रात्री ओतूरला टपरीवर पुडी घेतली. पुढचे पाच महिने मी सगळ्यांना सांगत फिरलो की ते च्युइंगम म्हणजे फसवणूक आहे. ज्यांना सांगितलं त्यांची माफी मागतो, चूक माझी होती.

पुडीवर नंबर असतो, १८००-११-२३५६, तंबाखू सोडायची राष्ट्रीय क्विटलाईन, फुकट आहे. एका रात्री माल उतरेपर्यंत मार्केटात बसलो होतो, हातात पुडी, वाचत होतो, सकाळी लावला. त्या ताईंनी घाई न करता सगळं विचारून घेतलं, झोपेतून उठल्यावर किती वेळात पहिली मळता, कुठल्या वेळी जास्त, घरी अजून कोण खातं. मग एक तारीख ठरवायला लावली. आणि जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात जा म्हणाल्या. तिथल्या समुपदेशकाने मला समोर बसवून च्युइंगम चघळायला शिकवला, घड्याळ लावून.

तर ते असं. तोंडात टाकायचा आणि अगदी सावकाश चावायचा, दहा-पंधरा वेळा, जिभेला चुणचुण लागेपर्यंत. चुणचुण आली की चावणं बंद, गाल आणि हिरडी यांच्या मध्ये ठेवून द्यायचा, अगदी आपण बार भरतो तसाच. मिनिटभराने चुणचुण गेली की परत दोनचारदा चावायचा आणि दुसऱ्या गालात ठेवायचा. असं अर्धा तास. निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतून जातं, पोटात गेलं की उपयोग नाही, नुसती जळजळ. मळणाऱ्याला हे सिगारेटवाल्यापेक्षा लवकर जमतं कारण गालात धरायची सवय आपल्याला आहेच. फक्त एक फरक, थुंकायचं नाही.

आणि चहा. हे कोणीच सांगत नाही. च्युइंगमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असेपर्यंत चहा कॉफी लिंबूसरबत कोल्ड्रिंक काही नाही, कारण आंबट तोंडात निकोटीन गालातून शिरत नाही. समुपदेशक म्हणाले तुम्ही तंबाखूला चुना का लावता, चव म्हणून? चुन्यामुळं तोंडातला आंबटपणा मरतो आणि निकोटीन मोकळं होऊन भसकन रक्तात जातं. २१ वर्षं चुना लावला आणि कशासाठी लावतो ते त्या दिवशी कळलं. ड्रायव्हर लोकांचा नियम असतो, चहा प्यायचा आणि वर बार भरायचा, मी पण च्युइंगम तसाच चहावर टाकत होतो, मग तो काय लागू पडणार.

दुसरी गोष्ट, तलफ आल्यावर च्युइंगम खाऊन उपयोग नसतो. त्याचं निकोटीन हळू चढतं, वीस-तीस मिनिटं लागतात, तोवर हात पुडीकडं गेलेला असतो. म्हणून घड्याळावर खायचा, तलफ असो नसो. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासाला एक, मग तीन आठवडे दोन-चार तासाला, मग शेवटचे तीन आठवडे चार-आठ तासाला, असे बारा आठवडे. मी रस्त्याला बांधून घेतलं, आळेफाट्याला एक टाकायचा तो ओतूर मागं पडेपर्यंत, घाट उतरून टोकावडे आलं की दुसरा, मुरबाडच्या पुढं तिसरा. घाटात मुद्दाम नाही ठेवला, तिथं दोन्ही हात आणि पूर्ण लक्ष पाहिजे. झोपेचं विचाराल तर हो, पहिले पंधरा दिवस स्टेअरिंगवर डोळे जड व्हायचे, मी तेव्हा गाडी बाजूला लावून वीस मिनिटं झोपायचो, तेवढा उशीर मालकाने समजून घेतला.

२ मिग्रॅचा मला चिठ्ठीशिवाय मिळाला, ४ ला चिठ्ठी मागतात. जे उठल्या उठल्या अर्ध्या तासाच्या आत मळतात त्यांना ४ लागू शकतो, ते डॉक्टरला विचारून. हार्टचा झटका येऊन गेलेला, गरोदर बाई, यांनी विचारल्याशिवाय घेऊच नये. आणि पोरांच्या हाताला लागू देऊ नका, दिसायला साधा च्युइंगमच दिसतो. चवीचं म्हणाल तर मिंटचा घ्या. पानाच्या चवीचा पण मिळतो, मी एक पत्ता घेतला आणि त्या वासाने टपरीच आठवायला लागली, तो ठेवून दिला. बहुतेक बिनसाखरेचे असतात, शुगरवाल्यांनी तरी पाकीट बघून घ्यावं.

खर्च लपवत नाही. मला एक दहा रुपयांच्या आसपास पडला, पहिल्या सहा आठवड्यात दिवसाला बारा, म्हणजे पाच हजार तिथंच गेले, सगळे मिळून सात हजाराच्या आत आटोपलं. रोज हातातून शंभरच्या वर जाताना पुडीपेक्षा महाग वाटतो आणि बऱ्याच जणांचं इथंच बिनसतं. हिशोब वर्षाचा करा, माझ्या पुड्यांचे वर्षाला दहा-अकरा हजार जात होते. निकोटीनच्या ह्या औषधांना सरकारने २०२२ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत घेतलंय, सरकारी केंद्रात काही वेळा फुकट मिळतं, मला एकदा दहा दिवसांचं मिळालं, एकदा संपलेलं होतं.

एक स्टार कशासाठी कापला तर पाकिटातला कागद इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात, मराठी एक ओळ नाही. ज्यांना याची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांना तो वाचता येणार नाही आणि ते माझ्यासारखेच तीन खाऊन फेकून देतील. शिवाय जबडा दुखतो, पहिला महिना जेवताना कानाखाली कळ यायची. च्युइंगमवरचा अभ्यास पण जास्त करून सिगारेटवाल्यांवर झालाय, तिथं त्याने सुटण्याची शक्यता दीडपटीने वाढते असं दिसलंय, मळणाऱ्यांसाठी तेवढा भक्कम पुरावा नाही हे समुपदेशकांनी स्वतःहून सांगितलं. मला लागू पडला एवढं मी सांगू शकतो.

लोक एक विचारतात, निकोटीन सोडायचंय आणि निकोटीनच खातोस? व्यसन लावतं ते निकोटीन, पण कॅन्सर करतात ती तंबाखूतली दुसरी रसायनं, नायट्रोसामाइन म्हणतात त्यांना, ती पानं सुकवताना आणि आंबवताना तयार होतात. च्युइंगममध्ये पान नाहीये. पण म्हणून वर्षानुवर्षं खात बसायचा असं पण नाही, तारीख ठरलेली बरी.

पाचव्या महिन्यात एकदा मोडलं. जुलै, माळशेजला दरड आलेली, गाड्यांची रांग, चार तास पावसात उभा, टोमॅटो नरम पडायला लागलेला आणि शेजारच्या ट्रकवाल्याने मळून हात पुढं केला. घेतला. डोकं गरगरलं, उलटी झाली रस्त्याच्या कडेला. सकाळी परत क्विटलाईनला फोन लावला, वाटलं बोलतील काहीतरी, तर त्या म्हणाल्या एक झाला तर एकच झाला, आजपासून परत मोजा. आठ दिवस परत च्युइंगम खाल्ला. त्यानंतर नाही.

आता दुसरी बाजू. तंबाखू सुटली आणि तोंड चालू झालं. पहिल्या चार महिन्यात माझं पाच किलो वजन वाढलं, ढाब्यावर बसलं की वडा, भजी, शेव, काहीतरी तोंडात पाहिजेच. सोडणाऱ्यांचं चार-पाच किलो वाढणं नेहमीचं आहे म्हणे. पण स्वादुपिंडासाठी हे पण बरं नाही, लठ्ठ माणसाला धोका साधारण २० टक्क्यांनी जास्त असतो, आणि बऱ्याच वर्षांची शुगर असेल तरी वाढतो. शुगर आणि ह्या आजाराचं दोन्हीकडून आहे, कधी शुगरमुळं धोका वाढतो आणि कधी दादासारखं, आधी गाठ आणि तिच्यामुळं शुगर. म्हणून पन्नाशीनंतर अचानक शुगर निघाली आणि सोबत वजन उतरत असलं तर डॉक्टरला स्पष्ट विचारा की स्वादुपिंड बघायचं का. दर नव्या शुगरवाल्याला कॅन्सर नसतो, उगाच घाबरू नका, पण विचारा.

मी काय केलं तर डब्यात शेंगदाणे, फुटाणे, काकडी, गाजर, आणि वाशीला माल उतरेपर्यंत तास-दीड तास गाडीत पडून राहायचो तो आता मार्केटात चालतो. तीन किलो उतरलंय, दोन अजून आहे. शनिवारची क्वार्टर बंद केली, ते च्युइंगमसाठीच आधी, कारण दारू पोटात गेली की पुडी आठवतेच. पण रोज भरपूर पिणाऱ्यांचं स्वादुपिंड सुजत राहतं आणि वर्षानुवर्षं तशी सूज राहिली की तिथून पण कॅन्सरचा धोका वाढतो, आमच्या गावात तसे सूज आलेले दोघं आहेत, चाळिशीच्या आतले.

आईचं राहिलं. आई ६९ वर्षांची, मिश्री लावते, सकाळ-संध्याकाळ, ती पण भाजलेली तंबाखूच. तिला च्युइंगम चालत नाही, दातांची कवळी आहे, तिला चिकटतो. तिच्यासाठी पॅच असतात, कातडीला लावायचे, पण ती म्हणते आता माझं वय झालं. दादाच्या फोटोसमोर दिवा लावते आणि मग मागच्या दारी जाऊन डबी काढते. मी भांडत नाही. समुपदेशकांनी सांगितलं संध्याकाळची एक वेळ सोडायला लावा आधी, ते चालू आहे, चार दिवस जमतं तीन दिवस नाही.

सोडल्या सोडल्या धोका शून्य होत नाही, हळूहळू उतरतो, दहा-पंधरा वर्षं लागतात, वीस पण. मी आता ४३ चा. त्यामुळं जेवढ्या लवकर तेवढं बरं, म्हणून तर लिहितोय.

गाडीच्या डॅशबोर्डमध्ये मी अजून एक पत्ता ठेवतो, मिंटचा. गेल्या महिन्यात दादाचा मुलगा क्लीनर म्हणून माझ्याबरोबर यायला लागला, २२ वर्षांचा. आळेफाटा सोडला आणि तो म्हणाला, काका, तो एक द्या ना. मी म्हटलं तुला कशाला. तो काही बोलला नाही, खिशातनं पुडी काढून डॅशबोर्डवर ठेवली. मला माहितीच नव्हतं. ओतूरपर्यंत आम्ही दोघं गप्प होतो, मग मी गाडी बाजूला घेतली, लाईट लावली आणि त्याला चावायचा कसा आणि गालात ठेवायचा कसा ते दाखवलं. आज त्याचा सव्विसावा दिवस आहे.